स्नानगृह व धुलाईची घरगुती उपकरणे

स्नानगृह व धुलाईची घरगुती उपकरणे म्हणजे घरात अंघोळीसाठी पाणी तापवणारी आणि कपडे धुणारी साधने होत. पारंपरिक बंब, विजेची हीटर रॉड, विजेवर किंवा गॅसवर चालणारा गिझर, सौर जलतापक आणि कपडे धुण्याचे यंत्र (वॉशिंग मशीन) ही त्यांची प्रमुख उदाहरणे आहेत. या उपकरणांची निवड सहसा किंमत व आकारमान पाहून केली जाते. प्रत्यक्षात घरात येणाऱ्या पाण्याचा जडपणा व दाब, न्हाणीघरातील हवेची ये-जा आणि वीजजोडणीची क्षमता या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. नाशिक शहरात हिवाळ्याची थंडी, धरणाचे व विंधनविहिरीचे असे दोन प्रकारचे पाणी आणि गोदावरीच्या काठावरील धुण्याची जुनी परंपरा एकत्र आढळते. त्यामुळे या लेखात नाशिकची उदाहरणे घेतली आहेत.

## इतिहास

### बंब

महाराष्ट्रात गिझर येण्यापूर्वी अंघोळीचे पाणी चुलीवरच्या हंड्यात किंवा बंबात तापवले जाई. बंब हे तांब्याचे किंवा पितळेचे उभे, गोलाकार पात्र असते. त्याच्या मधोमध एक नळी असून तळाशी जाळी असते. या नळीत लाकडे, गोवऱ्या किंवा कोळसा पेटवला जातो आणि नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असते. जाळ पात्राच्या पोटातच असल्यामुळे त्याची उष्णता चारही बाजूंनी पाण्याला मिळते आणि उघड्या चुलीच्या तुलनेत सरपण कमी लागते. काही बंबांत वरून ओतलेले थंड पाणी तळाकडे जाते व तेवढेच गरम पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडते. गरम पाणी हलके असल्याने वर राहते, या तत्त्वावर ही रचना आधारलेली आहे. आजचा साठवण गिझरही याच तत्त्वावर काम करतो.

बंब घडवण्याचे काम तांबट कारागीर करीत. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असून जुन्या शहरातील भांडी बाजार या व्यवसायाची साक्ष देतो. पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळीही याच कामासाठी ओळखली जाते. बंब बहुधा अंगणात, परसात किंवा धूर बाहेर जाईल अशा मोकळ्या न्हाणीत ठेवला जाई. ही जागा सोयीपुरती नव्हती. जळणाऱ्या कोणत्याही इंधनाला ताजी हवा लागते आणि त्याचा धूर बाहेर जावा लागतो, ही गरज त्यातून आपोआप भागत असे.

### गिझर

‘गिझर’ हा शब्द आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या नावावरून आला आहे. लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर चालणाऱ्या जलतापकाचे पेटंट घेतले व त्याला हे नाव दिले. त्याच्या उपकरणात ज्वलनवायू बाहेर नेणारी नळी नव्हती, त्यामुळे बंद खोलीत ते धोकादायक होते. पुढे नॉर्वेहून अमेरिकेत गेलेले अभियंते एडविन रूड यांनी १८८९ च्या सुमारास स्वयंचलित साठवण जलतापक विकसित केला.

### धुलाई

नळाचे पाणी घरोघरी येण्यापूर्वी धुणे नदीकाठी, विहिरीवर किंवा मोरीतल्या दगडावर होत असे. कपडे भिजवणे, साबण किंवा रिठा लावणे, धोपाटण्याने बडवणे, विसळणे आणि पिळणे हा त्याचा क्रम होता. वॉशिंग मशीन याच क्रिया याच क्रमाने करते. बडवण्याऐवजी ते पाणी किंवा कपडे घुसळते आणि पिळण्याऐवजी वेगाने फिरवते. समोरून उघडणारे घरगुती स्वयंचलित यंत्र अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये लोकांसमोर आणले.

## पाणी तापवण्याचे गणित

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी सुमारे ४.१९ किलोजूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट (एक किलोवॉट-तास) म्हणजे ३,६०० किलोजूल. या दोन आकड्यांवरून कोणत्याही जलतापकाचा खर्च काढता येतो.

हिवाळ्यात नळाचे पाणी १८ अंशांचे आहे असे मानल्यास, २० लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.५६ युनिट वीज लागते. रॉड असो वा गिझर, पाण्याला द्यावी लागणारी उष्णता बदलत नाही. फरक पडतो तो वाया जाणाऱ्या उष्णतेत आणि उष्णतेच्या स्रोतात. म्हणून ‘कमी वॉटचा गिझर कमी वीज खातो’ हा समज बरोबर नाही. कमी वॉटचे उपकरण तेवढेच पाणी तापवण्यास अधिक वेळ घेते, एवढेच.

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खाली जाते. निफाड परिसरात ते कधी कधी ५ अंशांच्याही खाली नोंदले जाते. पाण्याचे मूळ तापमान जितके कमी, तितकी अधिक उष्णता लागते. त्यामुळे मुंबईसारख्या उबदार शहरात पुरेसा पडणारा छोटा गिझर नाशिकच्या हिवाळ्यात अपुरा पडू शकतो.

## जलतापकांचे प्रकार

### हीटर रॉड

ही सर्वांत स्वस्त व सर्वांत जपून वापरण्याची वस्तू आहे. धातूच्या नळीतील तापणारी तार बादलीतील पाण्यात बुडवली जाते. १.५ किलोवॉटची रॉड वरील उदाहरणातील बादली सुमारे २२ मिनिटांत तापवते. बहुतेक रॉडना स्वतःहून बंद होण्याची सोय नसते. नळीचे आवरण झिजल्यास पाण्यात विद्युतप्रवाह उतरतो. रॉड चालू असताना पाण्याला हात लावणे, ती लोखंडी बादलीत टांगणे किंवा पाण्याबाहेर काढून चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. प्लग काढल्यानंतरच पाणी तपासावे, हा नियम यासाठीच आहे.

### साठवण गिझर

यात ६ ते २५ लिटर किंवा त्याहून मोठी टाकी, बहुधा २ किलोवॉटचे तापक, तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट, तो बिघडल्यास वीज तोडणारा औष्णिक कटआउट आणि वाढलेला दाब सोडणारी सुरक्षा झडप असते. टाकीत मॅग्नेशिअमची कांडी बसवलेली असते. ती स्वतः गंजते आणि टाकीला गंजण्यापासून वाचवते.

१५ लिटरच्या टाकीतील पाणी १८ वरून ५५ अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.६५ युनिट वीज व २० मिनिटे लागतात. त्यात विसण घातल्यावर ४० अंशांचे सुमारे २५ लिटर पाणी मिळते. बादलीने अंघोळ करणाऱ्या एका व्यक्तीस ते पुरते. शॉवर वापरल्यास अधिक पाणी लागते.

गिझर दिवसभर चालू ठेवल्यास टाकीतून उष्णता बाहेर जात राहते व ती भरून काढण्यासाठी वीज खर्च होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने दिलेले तारांकन प्रामुख्याने याच गळतीवर आधारलेले असते. अंघोळीपुरता गिझर लावून बंद करणाऱ्या घरात जास्त ताऱ्यांचा फायदा मर्यादित असतो. सतत गरम पाणी लागणाऱ्या घरात तो मोठा ठरतो.

### तात्काळ विद्युत गिझर

याची टाकी १ ते ३ लिटरची आणि तापक ३ किलोवॉटचे किंवा अधिक असते. ३ किलोवॉटचा गिझर मिनिटाला २ लिटर पाण्याचे तापमान सुमारे २१ अंशांनी वाढवू शकतो. नळ अधिक सोडल्यास पाणी कोमट येते. स्वयंपाकघर व हात धुण्याचे बेसिन यांसाठी तो सोयीचा आहे, शॉवरसाठी नव्हे. ३ किलोवॉटचे उपकरण सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व योग्य जाडीची तार लागते.

### गॅस गिझर

नळ उघडताच पाण्याच्या दाबाने झडप उघडते, बर्नर पेटतो आणि तांब्याच्या नळीतून वाहणारे पाणी तापते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १०.५ किलोवॉट इतकी औष्णिक शक्ती लागते. घरगुती वीजजोडणीवर हे कठीण असते, गॅसवर सोपे. ६० लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास विजेवर सुमारे पावणेदोन युनिट, तर गॅस गिझरवर अंदाजे १६० ग्रॅम एलपीजी लागतो. आपल्या भागातील वीज व सिलिंडरच्या चालू दरांनी गुणल्यास कोणता पर्याय स्वस्त पडतो ते कळते. एलपीजी व पाइपने येणारा नैसर्गिक वायू यांसाठीचे बर्नर वेगळे असतात. एका वायूसाठीचा गिझर दुसऱ्यावर परस्पर जोडू नये.

### सौर जलतापक

छतावरील काळ्या पृष्ठाची चपटी पेटी किंवा निर्वात काचनळ्या सूर्याची उष्णता घेतात. गरम झालेले पाणी हलके होऊन वरच्या उष्णतारोधक टाकीत चढते व थंड पाणी खाली येते, म्हणून लहान संचांत पंप लागत नाही. संच दक्षिणाभिमुख असावा. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर असल्याने हिवाळ्यातील सूर्य अधिक मिळावा यासाठी ३० ते ३५ अंशांचा कल योग्य ठरतो. निरभ्र हिवाळा हा या साधनाचा उत्तम काळ आहे. पावसाळ्यात पूरक तापकाची गरज भासते. महाराष्ट्रातील २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ठरावीक इमारतींसाठी सौर जलतापन किंवा छतावरील सौर वीज व्यवस्थेची तरतूद आहे.

### उष्मा पंप

हे उपकरण शीतकपाटाच्या उलट काम करते. ते बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून पाण्यात सोडते. पाण्याला मिळणाऱ्या उष्णतेच्या ढोबळमानाने एक-तृतीयांश इतकीच वीज त्याला लागते. प्रारंभीची किंमत व लागणारी जागा या मात्र अडचणी आहेत.

## गॅस गिझर आणि कार्बन मोनॉक्साइड

हिवाळ्यात न्हाणीघराचे दार-खिडक्या बंद असताना गॅस गिझर वापरल्याने मृत्यू झाल्याच्या घटना नाशिकसह महाराष्ट्रातील अनेक शहरांत घडल्या आहेत. त्यांचे कारण बहुधा वायुगळती नसते. कारण असते अपुरी हवा.

एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या अंघोळीत १६० ग्रॅम वायू जळतो, म्हणजे सुमारे २ घनमीटर हवेतील सर्व ऑक्सिजन संपतो. १.२ मीटर रुंद, १.८ मीटर लांब व २.४ मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवा सुमारे ५ घनमीटर असते. म्हणजे बंद खोलीतील दोन-पंचमांश ऑक्सिजन एका अंघोळीत खर्च होऊ शकतो. त्यापूर्वीच ज्वलन अपूर्ण होऊ लागते आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. एलपीजीला मुद्दाम वास दिलेला असतो, याला नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ व हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे आहेत. अनेकदा दाराची कडी काढण्याचेही बळ राहत नाही.

यावरील उपाय पुढीलप्रमाणे आहेत:

* गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा डक्टलगत बसवावा व फक्त गरम पाण्याची नळी आत न्यावी.
* तो आतच असल्यास ज्वलनवायू नळीद्वारे इमारतीबाहेर सोडणारा प्रकार निवडावा आणि हवा येण्यासाठी कायम उघडी झरोक्याची जागा ठेवावी.
* ज्योत निळी असावी. पिवळी ज्योत व काजळी ही अपूर्ण ज्वलनाची खूण आहे.
* लागोपाठ अनेकांनी अंघोळ करताना मध्ये दार उघडून हवा बदलू द्यावी.
* कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम गॅस बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, व्यक्तीस मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

पेटता बंब किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवल्यासही हाच धोका असतो. बंब अंगणातून गेला आणि जाळ सदनिकेतील छोट्या न्हाणीघरात आला, तेव्हा त्याच्याभोवतीची हवा मागेच राहिली.

## कपडे धुण्याचे यंत्र

### प्रकार

अर्धस्वयंचलित यंत्रात धुण्याची व पिळण्याची अशा दोन टाक्या असतात. कपडे हाताने एका टाकीतून दुसऱ्या टाकीत टाकावे लागतात. पाणी बादलीने भरता येते, म्हणून ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरांत ते उपयोगी पडते.

वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रात उभ्या टाकीच्या तळाची चकती पाणी घुसळते. कपडे पाण्यात बुडालेले राहावे लागतात, त्यामुळे पाणी अधिक लागते.

समोरून उघडणाऱ्या यंत्रात आडवा ड्रम कपडे वर उचलून पुन्हा थोड्या पाण्यात आपटतो. दगडावर धुणे आपटण्याच्या क्रियेशी तिचे साम्य आहे. यात पाणी व साबण कमी लागतात आणि कापड कमी झिजते. मात्र धुण्यास अधिक वेळ लागतो, यंत्र जड असते आणि कमी फेसाचीच भुकटी किंवा द्रव वापरावा लागतो. फेस फार झाल्यास आपटण्याचा जोर कमी होतो.

### पिळण्याची क्रिया

ड्रम वेगाने फिरल्यावर पाणी छिद्रांतून बाहेर फेकले जाते. सुमारे २४ सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १,२०० फेऱ्या घेतो तेव्हा कपड्यांवरील बल गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३९० पट असते. ७०० फेऱ्यांना ते १३० पट असते. वेग वाढला की बल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसाळ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा हा वेग उपयोगी ठरतो. रेशमी व नाजूक कापडासाठी तो कमी ठेवावा.

### वीज

धुण्याच्या यंत्रात मोटरपेक्षा पाणी तापवण्यास अधिक वीज लागते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.७ युनिट, तर ४० अंशांपर्यंत नेण्यास त्याच्या निम्मी वीज लागते. रोजचे सुती कपडे थंड किंवा कोमट पाण्यात स्वच्छ होतात. आजारी व्यक्तीची अंथरुणे, लहान मुलांचे दुपटे व तेलकट डाग यांसाठी गरम पाणी राखून ठेवावे.

## पाण्याचा जडपणा व दाब

नाशिक महानगरपालिकेचा पाणीपुरवठा प्रामुख्याने गोदावरीवरील गंगापूर धरणातून होतो. दारणा व मुकणे धरणांचे पाणीही शहराला मिळते. अनेक वसाहतींत त्याच्या जोडीला विंधनविहिरीचे पाणी वापरतात. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार धरणाच्या पाण्यापेक्षा सहसा अधिक असतात. असे पाणी जड किंवा दुष्फेन म्हटले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००:२०१२) एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

जड पाणी तापले की तापकावर क्षारांचा पांढरा थर जमतो. हा थर उष्णतेला अडथळा करतो, तापक अधिक तापते आणि शेवटी जळते. साबणाशी संयोग होऊन कपड्यांवर चिकट, पांढुरका साका बसतो व कपडे राठ होतात. फेस न होणे, नळांवर पांढरे डाग पडणे ही जड पाण्याची घरगुती चाचणी होय. अशा घरात गिझर ५० ते ६० अंशांवर ठेवणे, काही वर्षांनी मॅग्नेशिअमची कांडी बदलणे आणि शक्य असल्यास धरणाचेच पाणी त्यास जोडणे हितावह असते.

पाण्याच्या टाकीची उंची दर १० मीटरला सुमारे एक बार दाब देते. गच्चीवरील टाकी न्हाणीघराच्या नळापासून ३ मीटरच वर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार असतो. एवढ्या दाबावर काही गॅस गिझर पेटत नाहीत आणि काही स्वयंचलित यंत्रे पाणी न आल्याचा इशारा देतात. उलट उंच इमारतीच्या खालच्या मजल्यांवर दाब ३ बारच्या वर जातो. तेथे ८ बारपर्यंत दाब सोसणारा गिझर निवडावा. म्हणजेच एकाच इमारतीत तळमजल्याला योग्य असणारे उपकरण सर्वांत वरच्या मजल्याला योग्य असेलच असे नाही.

## निवड

| परिस्थिती | साधारणपणे योग्य पर्याय |
|---|---|
| बादलीने अंघोळ, २–३ व्यक्ती | १० ते १५ लिटरचा साठवण गिझर |
| शॉवर, ४ किंवा अधिक व्यक्ती | २५ लिटरचा साठवण गिझर किंवा सौर संच |
| स्वतःची गच्ची, भरपूर ऊन | सौर जलतापक, पावसाळ्यासाठी पूरक तापक |
| खिडकी नसलेले छोटे न्हाणीघर | विद्युत गिझर. गॅस गिझर आत बसवू नये |
| पाणी ठरावीक वेळीच येते | अर्धस्वयंचलित यंत्र |
| पाण्याची टंचाई, पुरेसा दाब | समोरून उघडणारे यंत्र |

यंत्राची ‘६ किलो’ किंवा ‘७ किलो’ ही क्षमता कोरड्या कपड्यांच्या वजनावर असते. ड्रम कपड्यांनी गच्च भरल्यास ते आपटले जात नाहीत व मळ निघत नाही. विद्युत साठवण गिझरवर आयएस २०८२ आणि एलपीजीच्या गिझरवर आयएस १५५५८ या मानकाचा आयएसआय शिक्का असल्याची खात्री करावी. हमीपत्रात टाकी, तापक व इतर भाग यांची मुदत वेगवेगळी असते, म्हणून ती स्वतंत्रपणे वाचावी.

## विद्युत सुरक्षा

ओल्या जागेत अर्थिंग अनिवार्य आहे. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) बसवल्यास शरीरातून प्रवाह वाहू लागताच वीज क्षणार्धात बंद होते. साधा एमसीबी तारेचे अतिभारापासून रक्षण करतो, माणसाचे नव्हे. गिझरचा स्विच न्हाणीघराबाहेर असावा. सुरक्षा झडपेतून पाणी थेंबथेंब गळते म्हणून ती बंद करू नये. तिचा मार्ग बुजल्यास टाकी फुटू शकते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, म्हणून लहान मुलांसाठी बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम पाणी मिसळावे.

## पर्यावरण

धुण्याचे सांडपाणी शेवटी नदीत जाते. कपडे धुण्याच्या भुकटीतील फॉस्फेट हे पाणवनस्पतींचे पोषण करते. सांडपाण्यातील अशा पोषक द्रव्यांमुळे पाणवेली फोफावतात आणि त्यांच्या आच्छादनाखाली पाण्यातील ऑक्सिजन घटतो. गोदावरीत नाशिकच्या खाली पाणवेलींची समस्या वारंवार दिसते. याच प्रवाहावर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आहे. रामसर यादीत समाविष्ट झालेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय. घाटावर धुणे बंद करून ते यंत्रात केल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण यंत्राचे पाणीही गटारातून मलनिस्सारण केंद्राकडे व तेथून नदीकडे जाते. फॉस्फेटविरहित भुकटी मोजून वापरणे, यंत्र पूर्ण क्षमतेने चालवणे आणि शेवटच्या विसळणीचे पाणी फरशी पुसण्यास किंवा शौचालयात वापरणे हे घरच्या घरी करता येण्याजोगे उपाय आहेत.